फोटोमास्तरांचं कासव

मोठ्या डॉक्टरांच्या मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरायची आणि शेवटपर्यंत मान डोलवत राहायचं, हा फोटोमास्तरांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी मात्र घात झाला. मान डोलवता डोलवता त्यांना डुलकी लागली, डुलकीत मान जरा जास्तच खाली गेली, आणि मोठे डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा! मास्तर तयार आहेत. मग ठरलं तर."

काय ठरलं, ते मास्तरांना व्हरांड्यात आल्यावर सिस्टरांकडून कळलं. विद्यापीठातल्या एक संशोधक बाई एक यंत्र तयार करणार होत्या. छातीचा एक्स-रे दाखवला की यंत्रानं सांगायचं, न्यूमोनिया आहे की नाही. पण यंत्राला आधी शिकवायला हवं, आणि शिकवायला आपल्या हॉस्पिटलातले आठ वर्षांचे छातीचे फोटो हवेत. प्रत्येक फोटोवरून पेशंटचं नाव, नंबर, तारीख, सगळं पुसून. हे पुसण्याचं काम मास्तरांनी झोपेत अंगावर घेतलं होतं.

"किती फोटो?" मास्तरांनी विचारलं.

"अकरा हजार दोनशे सहा," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्हाला काय, सवय आहे फोटोंची."

सवय होती, हे खरं. एक्स-रे विभागात मास्तरांनी उभा जन्म घालवला होता. 'फोटोमास्तर' हे नाव पेशंटांनी पाडलेलं, आणि ते इतकं चिकटलं की पगारपत्रकावरचं नाव वाचून खुद्द मास्तरांनाही क्षणभर हे गृहस्थ कोण, असा प्रश्न पडे. पण फोटो काढणं वेगळं आणि पुसणं वेगळं. दुपारी ते नकार द्यायचा असा घट्ट निश्चय करून मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. तीन मिनिटांत बाहेर आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "अहो मास्तर, शोधनिबंध निघणार यावर! आंतरराष्ट्रीय मासिकात. त्यावर तुमचं नाव घालू."

यात डोळ्यांत पाणी येण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारील. त्यानं मास्तरांच्या मेहुण्याला भेटावं.

थोरला मेहुणा म्हणजे मास्तरांच्या संसाराला लागलेली सर्वज्ञ साडेसाती. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. त्याचं नाव तीन स्मरणिकांत छापून आलेलं, आणि तिन्ही स्मरणिका त्याच्या दिवाणखान्यात, पाहुण्याचा हात सहज पोचेल अशा उंचीवर. घरात चार माणसं जमली की हा मास्तरांकडे वळायचा. "भाऊजी, तुमचं काम बाकी सोपं! श्वास घ्या, धरा, सोडा. बटण दाबलं की झालं." सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, कारण बायकोच्या थोरल्या भावावर रागवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मुद्दा असा की मेहुण्याला उत्तर द्यायला मास्तरांकडे काही नव्हतंच. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. पाकिटावर नाव हॉस्पिटलचं. फोटोवर नाव पेशंटचं. एकतीस वर्षांत लाखभर छात्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचं कुठं म्हणून नाव नाही. होतं ते फक्त एक कासव.

या कासवाबद्दल आत्ताच सांगायला हवं. एक्स-रे काढताना फोटोत डावी बाजू कुठली ते कळावं म्हणून कोपऱ्यात शिशाची एक खूण ठेवतात. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे ती फोटोत पांढरी उमटते. मास्तर नवे होते तेव्हा त्यांचे वरिष्ठ त्यांना 'कासव' म्हणायचे. हात हळू, म्हणून. मास्तरांनी काय केलं, फाटलेल्या शिशाच्या एप्रनमधून नखाएवढं एक कासव कातरलं आणि आपल्या खुणेच्या खाली चिकटवलं. चार पाय, इवलीशी शेपूट. तेव्हापासून त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ते कासव आहे. वरिष्ठ गेले, यंत्रं बदलली, फिल्म जाऊन कॉम्प्युटर आला, कासव कायम. आणि हळू असले तरी मास्तरांचा फोटो कधी हलला नाही. त्यामुळे विभागात वाटणीच पडून गेली होती: चालत येणारी धडधाकट माणसं बाकीच्यांकडे, आणि खाटेवरून हलवता येत नाहीत, छातीत नळ्या आहेत, अशी अर्धमेली मास्तरांकडे. फिरतं मशीन ढकलत मास्तर वॉर्डात शिरले की पेशंटचे नातेवाईक डोळ्यांना पदर लावायचे.

असो. मास्तरांनी पेपरवर, म्हणजे त्या शोधनिबंधावर, नाव येणार ही बातमी बायकोला सांगितली, बायकोनं ती सगळ्या नातेवाइकांना सांगितली, आणि मेहुण्याचा फोन आला. "छापून आलं की बघू," तो म्हणाला. झालं! आता माघार नव्हती.

सुरुवात नीतिसमितीपासून झाली. पेशंटच्या गुप्ततेची काळजी घेणारी ही समिती तळमजल्यावर, शवागाराच्या शेजारी बसायची. समितीच्या सचिव बाईंनी पाच प्रतींत भरायचा अर्ज दिला. त्यातला अकरावा रकाना मास्तरांनी तीनदा वाचला: 'ज्यांची नावे गुप्त ठेवावयाची आहेत, त्यांच्या नावांची यादी सोबत जोडावी.'

मास्तरांनी जोडली. दोनशे चौदा पानं. आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता: 'सोबतच्या यादीत पेशंटची नावे उघड दिसत आहेत. गुप्ततेचा गंभीर भंग. खुलासा करावा.'

मास्तर तळमजल्यावर धावले. "बाई, यादी तुम्हीच मागितली होती."

"यादी मागितली," सचिव बाई म्हणाल्या. "नावं कुठं मागितली?"

"मग यादीत काय लिहू?"

"ते आम्ही कसं सांगणार? आम्ही समिती आहोत."

संध्याकाळी मास्तर जिन्यातच बसले. शेजारचे निवृत्त हेडक्लार्क खाली येत होते. ऑफिसात चाळीस वर्षं घालवलेल्या या गृहस्थांना परक्याच्या अडचणीचा वास दोन मजल्यांवरून यायचा. सगळं ऐकून ते म्हणाले, "साधी गोष्ट आहे हो. यादी तीच द्या. नावांवर काळी शाई फिरवा."

मास्तरांनी दोनशे चौदा पानं काळी केली. ओळीनं ओळ, पानानं पान. त्यात दोन बोटं आणि एक सदरा कायमचा काळा झाला. समितीनं ती दोनशे चौदा काळी पानं बारकाईनं तपासली आणि मंजुरी दिली. फक्त सातवी अट घातली: नावं पुसलेल्या फोटोंची दुसरी प्रत कुणीही, कुठंही ठेवू नये.

मग खरं काम सुरू झालं. संशोधक बाईंनी एक प्रोग्रॅम पाठवला होता. तो म्हणे फाइलमधलं नाव आपोआप काढतो. काढलंही त्यानं, बिचाऱ्यानं. पण जुन्या मशीननं नाव फाइलीत नाही, थेट फोटोच्या अंगावर छापलेलं होतं, बरगड्यांच्या बाजूला, ठसठशीत. ते काढायला प्रत्येक फोटो उघडायचा, नावावर काळा चौकोन ओढायचा, नंबरावर ओढायचा, तारखेवर ओढायचा, मग पुढचा. मास्तरांनी संशोधक बाईंना फोन लावला. "बाई, हे हातानं करावं लागेल."

"अरे बापरे," बाई म्हणाल्या. त्या स्वभावानं चांगल्या होत्या, अरे बापरे मनापासून म्हणायच्या. "करा मग मास्तर. नाव, नंबर, तारीख तेवढं झाका. बाकी कशालाही हात लावू नका हं."

मास्तर आज्ञाधारक माणूस. बाकी कशालाही हात लावला नाही. कासव काही नाव नव्हतं, नंबर नव्हता, तारीख तर नव्हतीच. उलट कधी कधी तारीख कासवाला इतकी खेटून असायची की चौकोन ओढला तर शेपूट गेली असती. अशा वेळी मास्तर चष्मा पुसायचे, श्वास घ्यायचे, धरायचे, आणि शेपटीच्या कडेकडेनं तारीख झाकून मग सोडायचे. एकेका शेपटीला पाच-पाच मिनिटं जायची. यात थोडा स्वार्थ होता, नाही असं नाही. पण एवढ्या मोठ्या कामात माणसाला नखाएवढा स्वार्थ असू नये का?

तीन महिन्यांत सहा हजार चारशे फोटो झाले. ते सगळे एका हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत नाही, अट सातवी. मास्तरांच्या जिवाला घोर लागला. हेडक्लार्क म्हणाले, "टेबलाच्या खणात ठेवता? कमाल आहे! जिथं कुलूप आहे आणि कुणी सहजासहजी जाऊ शकत नाही, अशा खोलीत ठेवा." मास्तरांना पटलं. चार दिवस रजेवर जाताना त्यांनी हॉस्पिटलच्या रखवालदाराला डिस्क दिली आणि हेडक्लार्कांचेच शब्द सांगितले.

रखवालदार इमानी. त्यानं विचार केला, सगळ्यात जाड दार कुठलं? सगळ्यात मोठं कुलूप कुठलं? 'आत जाऊ नये' अशी लाल पाटी कुठं? आणि त्यानं एमआरआयची खोली उघडली.

एमआरआय म्हणजे खोलीभर चुंबक, रात्रंदिवस चालू. लोखंडाची वस्तू घेऊन तिथं फिरकायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याला माहीत नव्हतं तो एकटा माणूस किल्ल्या सांभाळत होता.

"साहेब, हातातून उडाली," तो मास्तरांना सांगत होता. "मी फेकली नाही. आईशप्पथ. आपणहून गेली."

डिस्क मशीनच्या तोंडाशी चिकटली होती. ती काढायला कंपनीची माणसं आली. दोन दिवस एमआरआय बंद राहिलं, बाहेर पेशंट ताटकळले, आणि प्रत्येक पेशंटला सांगण्यात आलं की फोटोमास्तरांची डिस्क अडकली आहे. अशा प्रकारे मास्तरांचं नाव प्रथमच सर्वतोमुखी झालं. डिस्कवर मात्र काहीही उरलं नव्हतं.

"पुन्हा?" बायको म्हणाली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. सहा हजार चारशे. शेपट्यांसकट. आयुष्यात एवढं हताश त्यांना फक्त एकदा वाटलं होतं, लग्नात मेहुण्यानं भाषण केलं तेव्हा.

पण पुन्हा केलं त्यांनी. डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, उजव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं, घरात वर्तमानपत्र वाचताना नाव दिसलं की बोट आपोआप चौकोन ओढायला लागलं. निवृत्तीला पाच महिने उरले असताना अकरा हजार दोनशे सहावा फोटो पुसून झाला. संशोधक बाई स्वतः येऊन डिस्क घेऊन गेल्या. यंत्र शिकलं. फार हुशार निघालं म्हणे, शंभरातले शहाण्णव बरोबर सांगत होतं. मोठ्या डॉक्टरांनी सभागृहात प्रात्यक्षिक ठेवलं आणि मास्तरांना म्हणाले, "घरच्यांना आणा."

मास्तरांनी बायकोला आणलं, हेडक्लार्कांना आणलं, आणि मुद्दाम, अगत्यानं, मेहुण्याला आणलं. तो कोट घालून पहिल्या रांगेत बसला.

"आता एका निरोगी माणसाचा फोटो काढून यंत्राला दाखवू," संशोधक बाई म्हणाल्या. "कोण येतंय?"

कोण येणार? मेहुणा उभाच होता. "मी! अजून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो." त्यानं संमतीपत्रावर सही ठोकली. फोटो संशोधनासाठी वापरायला हरकत नाही, छापायलाही नाही. मास्तरांनी त्याला शेजारच्या खोलीत नेलं, मशीनपुढं उभं केलं, कोपऱ्यात कासव लावलं. "श्वास घ्या," मास्तर म्हणाले. "धरा." त्यांनी तो जरुरीपेक्षा चार सेकंद जास्त धरायला लावला, हे इथं कबूल केलेलं बरं. "सोडा."

सभागृहातल्या पडद्यावर मेहुण्याची छाती उमटली. यंत्रानं क्षणभर विचार केला. मग खाली अक्षरं आली: 'न्यूमोनिया, सत्त्याण्णव टक्के. तातडीने दाखल करावे.'

मेहुणा मटकन खाली बसला. "भाऊजी, हे काय काढलंत?"

"अहो, दादाला काय झालं?" बायकोनं मास्तरांचा दंड धरला.

हेडक्लार्क मेहुण्याच्या कानाशी वाकले. "घाबरू नका. कागदपत्रं जागेवर आहेत ना?"

मोठ्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली. छाती स्वच्छ. "यंत्राची एखादी चूक होते," ते म्हणाले आणि दारातल्या रखवालदाराला बोलावलं. मास्तरांनी त्याचा फोटो काढला. शहाण्णव टक्के. सभागृहात कुजबुज सुरू झाली. चिडून मोठे डॉक्टर स्वतः मशीनपुढं उभे राहिले. मास्तरांनी फोटो काढला. अठ्ठ्याण्णव टक्के, तातडीने दाखल करावे.

"दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या!" मोठे डॉक्टर ओरडले. विभागातल्या दुसऱ्या तंत्रज्ञानं आपली साधी खूण लावून त्यांचा फोटो काढला. दोन टक्के. घरी जाऊ शकतात.

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. एकतीस वर्षांत मास्तरांकडे इतक्या लोकांनी एकदम कधी बघितलं नव्हतं, आणि आता बघितलं ते असं. संशोधक बाई कॉम्प्युटरवर काहीतरी करत होत्या. "यंत्र फोटोत नेमकं कुठं बघतं, ते लाल रंगात दाखवता येतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मेहुण्याची छाती पुन्हा पडद्यावर आणली.

फुप्फुसं काळीच राहिली. हृदय पांढरंच राहिलं. लाल झाला तो फक्त एक कोपरा. त्या लालीत, चार पाय आणि इवल्याशा शेपटीसकट, पडद्यावर हाताएवढं मोठं होऊन, मास्तरांचं कासव चमकत होतं.



"मास्तर," संशोधक बाई हळूच म्हणाल्या, "गंभीर पेशंट नेहमी तुमच्याकडेच द्यायचे ना? यंत्र छाती बघायला शिकलंच नाही. ते एवढंच शिकलं की तुम्ही आलात, म्हणजे पेशंटचं काही खरं नाही."

मेहुणा हसला. जीव भांड्यात पडल्याचं हसू होतं ते, पण ते सभागृहभर पसरत गेलं आणि थांबेना. मास्तर या वेळी हसले नाहीत. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तळमजल्यावर, समितीच्या शेजारच्या खोलीत जाऊन पडावं.

पुढं काय करायचं ते उघड होतं. सगळ्या फोटोंमधली कासवं पुसायची. चार हजार तीनशे बारा. आणि कासवं ओळखणार कोण? मास्तर.

नावं पुसताना मास्तरांना काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. नाव गेलं होतं, तारीख गेली होती, तरी कासव कसं बसलंय त्यावरून त्यांना पेशंट आठवायचा. हे तिरकं कासव म्हणजे खिडकीपाशी खाट होती तो ड्रायव्हर, त्याला धड उताणं झोपवत नव्हतं. हे पार खाली सरकलेलं म्हणजे त्या शाळेतल्या बाई, त्यांनी मास्तरांचा हात सोडायला नकार दिला होता, एका हातानं फोटो काढला. तो ड्रायव्हर वाचला. बाई नाही वाचल्या. मास्तर चौकोन ओढायचे. शेपूट वाचवायची आता गरज नव्हती, त्यामुळे काम भराभर होत होतं.

नवं यंत्र खरंच फुप्फुसं बघायला शिकलं. विभागात परिपत्रक निघालं की खुणेला वैयक्तिक काहीही चिकटवू नये. मास्तरांनी कासव सोलून काढलं आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. मग ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मोठे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पेपर येतोय बरं का."

पेपर आला. संशोधक बाईंनी आठवणीनं घरी पाठवला. बायकोनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं. चौदा नावं होती. मोठे डॉक्टर होते. समितीच्या सचिव बाई होत्या. तिसरं नाव हॉस्पिटलच्या संचालकांचं होतं, ते वर्षभर रजेवर होते. बायकोनं चौदा नावं पुन्हा मोजली, पान उलटून मागं बघितलं, शेवटच्या पानावरचे आभार वाचले. तिथं एक ओळ होती: 'एका तंत्रज्ञाचेही आभार. गुप्ततेच्या नियमांमुळे नाव दिलेले नाही.' सोबत संशोधक बाईंची चिठ्ठी होती. समितीनं आठवी अट घातली, मी फार भांडले, माफ करा.

"जाऊ दे," मास्तर म्हणाले.

"का जाऊ दे?" बायको म्हणाली. "का म्हणून जाऊ दे?"

मग तिला सातव्या पानावरचं चित्र दिसलं. एक छाती होती, आणि कोपऱ्यातल्या कासवाकडे बाण होता. तिनं बाणाच्या टोकाशी बोट ठेवलं.

महिन्याभरानं मेहुण्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. दिवाणखान्यात स्मरणिका दिसत नव्हत्या. त्यांच्या जागी, मोठ्या चौकटीत, काचेमागं, सातवं पान होतं. मेहुणा काठीनं दाखवत पाहुण्यांना सांगत होता, "आंतरराष्ट्रीय मासिक आहे हे. जगभरचे डॉक्टर बघतायत. ही माझी छाती."

पाहुणे पुढं सरकले. एक बाई वाकून म्हणाल्या, "आणि या कोपऱ्यात काय आहे हो, बाण दाखवलाय तिथं?"

"ते होय?" मेहुणा म्हणाला. "ते काही नाही. फोटो काढणाऱ्याची चूक आहे ती."

सगळे हसले. मास्तरांनी चष्मा काढून त्याच्या घरात, कासवाशेजारी ठेवला, घर खिशात घातलं, आणि बायकोला म्हणाले, "चल, निघू या."